म्युऑन, चुंबकत्व आणि एका पालकाचा प्रश्न

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी झालेल्या पालक मेळाव्यात, चहापान आटोपून मंडळी पांगू लागली असताना, आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीचे वडील माझ्यापाशी येऊन थांबले. त्यांचा धाकटा मुलगा सध्या आपल्याकडे आठवीत आहे. एस.टी.च्या कार्यशाळेत तीस वर्षे इंजिने उघडून पुन्हा जोडलेला हा गृहस्थ मुळात मितभाषी. ‘जय भीम’ झाल्यावर त्यांनी थेट विषयालाच हात घातला. “सर, पोरगी एम.एस्सी. झाली, नेट का काय ते झालं. आता पीएच.डी.चं पाचवं वर्ष चाललंय. परदेशात जाऊन आली. तिकडं म्युऑन म्हणून काही असतं, ते पदार्थात घुसवून आतलं लोहचुंबकत्व तपासतात म्हणते. हे तपासून पुढं काय होणार, ते मला कुणी सांगेना. तुम्ही तिला शिकवलंय, तुम्हीच सांगा.”

मी तिला इतिहास शिकवला होता. म्युऑन हा शब्दही मी तोपर्यंत धड ऐकलेला नव्हता. त्या संध्याकाळी मी काहीतरी मोघम बोलून वेळ मारून नेली आणि ती गोष्ट मनाला लागून राहिली. पुढे कित्येक रविवारी त्या मुलीशी दूरध्वनीवर बोललो, मिळाले ते वाचले, विज्ञानाच्या सहकाऱ्याकडून शंका फेडून घेतल्या. संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा ठरवले की, त्या प्रश्नाचे उत्तरच लिहावे.

माझे मत आरंभीच सांगून टाकतो. ‘पुढे काय होणार’ हा प्रश्न त्या वडिलांनी विचारणे सर्वस्वी योग्य होते. पोटाला चिमटा घेऊन मुलीला शिकवणाऱ्याला तो अधिकार आहे. परंतु याच शाळेतून शिकून अधिकारी, डॉक्टर, अभियंता झालेली आपली मंडळी जेव्हा तोच प्रश्न विचारतात आणि उत्तरासाठी थांबतही नाहीत, तेव्हा मात्र मला ते मान्य होत नाही.

म्युऑन हा इलेक्ट्रॉनचा थोरला भाऊ म्हणावा असा कण. विद्युतभार तेवढाच, वस्तुमान मात्र सुमारे २०७ पट. त्याचे सरासरी आयुष्य एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या जेमतेम सव्वादोन पट. अवकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळतात आणि त्या आघातांतून हे कण जन्माला येऊन आपल्यावर अखंड बरसत असतात. आपण तळहात आडवा धरला तर त्यातून दर सेकंदाला साधारण एक म्युऑन आरपार जातो. हे वाचेपर्यंत आपल्या हातातल्या स्मरणिकेतूनही कित्येक जाऊन गेले.

अमेरिकेत कार्ल अँडरसन व सेथ नेडरमायर यांना १९३६ च्या सुमारास त्याचा माग लागला. हा कण कोणत्याही सिद्धान्तात बसेना. कोलंबिया विद्यापीठातील थोर शास्त्रज्ञ इसिडोर राबी यांनी तर ‘हा मागवला कुणी?’ असाच प्रश्न केला, असे सांगतात. म्हणजे आमच्या एस.टी.वाल्या भाऊंच्या आधी एका नोबेल विजेत्याने म्युऑनचा उपयोग विचारून ठेवला होता.

या कणाच्या इतिहासात आपल्या देशाचेही एक पान आहे आणि ते शाळेत कुणी शिकवत नाही. कलकत्त्याच्या बोस संस्थेत देवेंद्रमोहन बोस आणि त्यांची तरुण सहकारी बिभा चौधुरी यांनी दार्जिलिंग, संदकफू अशा उंच ठिकाणी छायाचित्रणाच्या काचपट्ट्या महिनोन्महिने ठेवल्या आणि त्यांवर उमटलेल्या कणांच्या रेषा सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या. इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशे पट वस्तुमानाच्या कणांचा त्यांना माग लागला. ‘नेचर’ या नियतकालिकात १९४० ते १९४२ या काळात त्यांचे लेख प्रसिद्ध झाले. मात्र युद्धामुळे अधिक संवेदनशील पट्ट्या मिळेनात आणि काम तिथेच थांबले. पुढे ब्रिस्टॉलच्या सेसिल पॉवेल यांनी याच धर्तीच्या पण सुधारित पट्ट्या वापरून १९४७ मध्ये पायॉन शोधला आणि १९५० चे नोबेल त्यांना मिळाले. बिभा चौधुरी १९४९ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या. त्या संस्थेतील त्या पहिल्या स्त्री-संशोधक. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा किती वर्तमानपत्रांनी दखल घेतली असेल? २०१९ मध्ये एका ताऱ्याला ‘बिभा’ हे नाव मिळाले. आकाशातील तारा होणे सोपे, पाठ्यपुस्तकातील एक ओळ होणे अवघड, असे आमच्या देशातील स्त्रियांच्या बाबतीत म्हणावे लागते.

म्युऑनचे चुंबकत्वाशी नाते जुळले ते १९५७ च्या जानेवारीत. हे वर्ष आपल्या वाचकांच्या मनात वेगळ्या कारणाने कोरलेले आहे. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरचा धम्मदीक्षेचा सोहळा झाला आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्याच डिसेंबराच्या अखेरीस, ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले, तेथील प्राध्यापिका चिएन-शिउंग वू वॉशिंग्टनच्या एका प्रयोगशाळेत अतिशीत कोबाल्टवर प्रयोग करत होत्या. निसर्ग डावे-उजवे असा भेद करत नाही, हा तोवर पदार्थविज्ञानाचा जवळजवळ निर्विवाद नियम. अणुकेंद्रातील एका प्रकारच्या क्षयात तो पाळला जातो याला पुरावा कुठे आहे, असा प्रश्न त्सुंग-दाओ ली व चेन निंग यांग यांनी १९५६ मध्ये उपस्थित केला होता. वू यांच्या प्रयोगाने दाखवले की, तो पाळला जात नाही.

ही वार्ता कोलंबियात भोजनाच्या टेबलावर पोहोचली आणि लिऑन लेडरमन, रिचर्ड गार्विन व मार्सेल वाइनरिश यांनी तोच नियम म्युऑनवर तपासायचे ठरवले. वाइनरिश हा संशोधक विद्यार्थी. त्याच्या प्रबंधासाठी मांडलेली सामग्रीच मोडून घाईघाईने नवी मांडणी केली गेली. शुक्रवारी विचार सुचला, मंगळवारी पहाटे उत्तर हाती होते. प्रबंधाचे काय झाले, असा प्रश्न मला शिक्षक म्हणून पडतोच! वू यांचा आणि या तिघांचा निबंध एकाच अंकात प्रसिद्ध झाला. नोबेल त्याच वर्षी ली व यांग यांना मिळाले, वू यांना नाही. प्रयोग ज्यांच्या हातून सिद्ध झाला त्यांचे नाव यादीत नसणे, याचे आपल्या वाचकांना फारसे आश्चर्य वाटणार नाही.

त्या तिघांच्या निबंधाच्या शेवटी एक सूचना होती: पदार्थाच्या आत, अणू-अणूंमधील जागेत असलेले चुंबकीय क्षेत्र मोजायला म्युऑनचा उपयोग होऊ शकेल. आज जे शास्त्र त्या मुलीने हाती घेतले आहे, त्याचे बीज या सूचनेत आहे.

आता ते शास्त्र. मी ते जसे समजलो तसे मांडतो.

प्रोटॉनांचा झोत ग्रॅफाइटच्या तुकड्यावर आदळवला की पायॉन निर्माण होतात. ते अत्यल्प काळात मोडतात आणि त्यांतून धन विद्युतभाराचे म्युऑन बाहेर पडतात. प्रत्येक म्युऑनला ‘स्पिन’ नावाचा गुणधर्म असतो. समजण्यापुरते त्याला भोवऱ्याच्या आऱ्यासारखी एक दिशा म्हणू. ग्रॅफाइटच्या पृष्ठभागालगत स्थिर झालेल्या पायॉनांपासून निघालेल्या म्युऑनांची ही दिशा जवळजवळ शंभर टक्के एकच असते, त्यांच्या गतीच्या नेमकी उलट. डावे-उजवे सारखेच असते तर असे झालेच नसते. एका नियमाच्या मोडण्यातूनच हे साधन मिळाले आहे.

हे म्युऑन नमुन्यात शिरतात, मिलिमीटरच्या अंशभरात थांबतात आणि अणूंच्या मधल्या एखाद्या मोकळ्या जागी बसतात. तिथे चुंबकीय क्षेत्र असेल, तर भोवऱ्याचा आरा जसा डोलत गोल फिरतो तशी त्यांच्या स्पिनची दिशा फिरू लागते. एक गॉस क्षेत्रात सेकंदाला साधारण साडेतेरा हजार फेरे. पृथ्वीचे क्षेत्र याच्या अर्ध्याच्या आसपास असते, हे ध्यानात घ्यावे. एखाद्या लोहचुंबकी पदार्थाच्या आत हजार गॉस असतील, तर त्या सव्वादोन लक्षांश-दशांश क्षणातही तीसेक फेरे होतात. उलट एक गॉसच असेल तर त्या आयुष्यात म्युऑन जेमतेम दहा अंश वळतो.

मग म्युऑन मोडतो. मोडताना तो एक पॉझिट्रॉन बाहेर टाकतो आणि तो पॉझिट्रॉन प्राधान्याने त्या क्षणी स्पिन ज्या दिशेला होता त्याच दिशेला सुटतो. नमुन्याच्या चहूबाजूंनी मोजणीयंत्रे लावलेली असतात. पुढे किती, मागे किती, किती वेळानंतर, एवढेच मोजायचे. एकट्या पॉझिट्रॉनवरून काहीच कळत नाही. लाखो, कोटी नोंदी झाल्या की त्यांच्या बेरजेतून आतल्या क्षेत्राचे चित्र उभे राहते. बाहेरून कोणतेही चुंबकीय क्षेत्र लावावे लागत नाही, हे याचे मोठे वैशिष्ट्य. उलट पृथ्वीचे क्षेत्रसुद्धा वेटोळ्यांतून वीज सोडून निष्प्रभ करतात, म्हणजे पदार्थ स्वतः जे सांगतो तेवढेच ऐकू येते. आणि संपूर्ण नमुना चुंबकी आहे की त्याचा एखादा भागच, हेही वेगळे ओळखता येते, कारण म्युऑन सर्वत्र विखुरलेले असतात.

विद्यार्थिनीने सांगितलेली एक बारीक गोष्ट मला आवडली. तिने आपल्या विद्यापीठात भट्टीत महिनाभर खपून केलेली चिमूटभर हिरवट पूड चांदीच्या पत्र्यावर बसवून झोतासमोर ठेवली होती. चांदीच का? तर चांदीत थांबलेल्या म्युऑनचा स्पिन जवळजवळ हलत नाही, त्यामुळे चुकून बाजूला पडलेले कण मोजणीत गोंधळ घालत नाहीत. वडिलांना ती चांदीच तेवढी लक्षात राहिली होती!

हे सारे कशासाठी? ज्यांना आज ‘क्वांटम पदार्थ’ म्हणतात, त्यांत इलेक्ट्रॉनांचा समूह असा वागतो की एकेका इलेक्ट्रॉनच्या स्वभावावरून त्याचा अंदाज बांधता येत नाही. काही पदार्थ थंड केल्यावर विजेला कसलाही विरोध करत नाहीत. त्यांना अतिसंवाहक म्हणतात. १९८६ मध्ये बेडनोर्झ व म्युलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडांतील अतिसंवाहकता शोधली आणि पुढच्याच वर्षी तोमो उएमुरा व सहकाऱ्यांनी म्युऑनच्या साहाय्याने दाखवले की, ज्या मूळ पदार्थापासून हे अतिसंवाहक तयार होतात तो स्वतः चुंबकी आहे. त्यातील शेजारी-शेजारी अणूंचे चुंबकत्व एकमेकांच्या उलट दिशेला असल्याने बाहेरून ते दिसत नव्हते. लपलेले चुंबकत्व आतूनच पाहावे लागते.

आता ज्या हिरवट पुडीवर ती मुलगी काम करते तिच्या घराण्याकडे वळतो, कारण इथे मला थोडे थांबायचे आहे. तिने मला अणूंच्या मांडणीचे एक चित्र पाठवले. त्रिकोणांच्या टोकाला त्रिकोण जोडलेले आणि मध्ये षट्कोनी पोकळ्या. मी ते पाहिले आणि हसलो. ही वीण मी लहानपणी बुरूड आळीत पाहिलेली. बांबूच्या पट्ट्या तीन दिशांनी एकमेकींत गुंतवून सहा कोनांचे डोळे सोडलेली उघडी टोपली. पदार्थविज्ञानात या मांडणीला ‘कागोमे’ म्हणतात. शब्द जपानी आहे: ‘कागो’ म्हणजे टोपली, ‘मे’ म्हणजे डोळा. १९५१ मध्ये इचिरो शोजी यांच्या निबंधातून हा शब्द शास्त्रात आला आणि आज जगभरचे शास्त्रज्ञ तो वापरतात.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला इथे बोलल्यावाचून राहवत नाही. ती वीण जपानची मक्तेदारी नव्हती. आमच्या बुरूड बांधवांची बोटे ती पिढ्यानपिढ्या जाणत होती. पण आमच्याकडे टोपली विणणाऱ्या हाताला लेखणी लागू दिली नाही आणि लेखणी धरणाऱ्या हाताने टोपलीचे नाव जाणून घेण्याची गरज मानली नाही. म्हणून आमच्या बोलीतील एखादा शब्द जगाच्या शास्त्रात गेला नाही. हा काही भावनेचा मुद्दा नव्हे. श्रम आणि ज्ञान यांची फारकत केली की ज्ञानाचे नेमके काय नुकसान होते, याचा हा मोजता येईल असा नमुना आहे.

तर या टोपलीत गंमत अशी. त्रिकोणाच्या तीन टोकांवर तीन अणू आहेत आणि प्रत्येकाला उरलेल्या दोघांच्या उलट दिशेला तोंड करून बसायचे आहे. पहिला वर, दुसरा खाली. तिसऱ्याने काय करावे? कुणाचेच समाधान होत नाही. असे लाखो-करोडो त्रिकोण एकमेकांना जोडलेले असतील तर पदार्थ कितीही थंड केला तरी त्याचे चुंबकत्व एका ठरावीक घडीत गोठणार नाही, ते द्रवासारखे खेळते राहील, अशी कल्पना आहे. अशा अवस्थेला ‘स्पिन द्रव’ म्हणतात आणि तिची मूळ मांडणी फिलिप अँडरसन यांनी १९७३ मध्ये केली. पण न गोठणे सिद्ध कसे करायचे? ‘आहे’ हे दाखवता येते, ‘नाही’ हे दाखवायला फार नाजूक साक्षीदार लागतो. हर्बर्टस्मिथाइट नावाच्या हिरव्या खनिजात तांब्याचे अणू याच टोपलीच्या विणीत असतात. २००७ मध्ये फ्रान्सचे फिलिप मेंडेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात म्युऑन सोडले आणि निरपेक्ष शून्याच्या वर केवळ ०.०५ केल्व्हिन तापमानापर्यंत कुठेही गोठलेले चुंबकत्व आढळले नाही. त्या अणूंच्या परस्परांवरील ओढीची मात्रा तापमानात सांगायची तर दोनशे केल्व्हिनच्या घरात जाते. इतक्या ओढीनंतरही त्यांनी घडी स्वीकारली नाही. तरीही प्रकरण संपलेले नाही, कारण जस्ताच्या जागी तांबे शिरण्याची भेसळ त्या खनिजात थोडीफार असतेच आणि तिचा परिणाम किती, यावर वाद चालू आहे. ही मुलगी भेसळ कमी असलेला याच जातीचा दुसरा पदार्थ तयार करू पाहते आहे.

शाळांतून विज्ञान ज्या रीतीने शिकवले जाते त्याबद्दल माझी जी तक्रार आहे, ती स्ट्रॉन्शियम रुथेनेटच्या कथेवरून सांगता येईल. जपानच्या योशितेरू माएनो व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये शोधलेला हा अतिसंवाहक दीड केल्व्हिनखाली, म्हणजे उणे २७१.६ अंशांच्या आसपास, अतिसंवाहक होतो. १९९८ मध्ये दोन प्रयोग प्रसिद्ध झाले. म्युऑनच्या प्रयोगात दिसले की, अतिसंवाहकता सुरू होताच पदार्थाच्या आत आपोआप अगदी क्षीण क्षेत्र, अर्ध्या गॉसच्या आसपासचे, उमटते. दुसरा प्रयोग अणुकेंद्रांच्या अनुनादाचा होता आणि त्यावरून इलेक्ट्रॉनांच्या जोड्या अत्यंत दुर्मीळ प्रकारच्या असाव्यात असे ठरले. दोन्ही जुळले. पुढे वीस वर्षे हे ग्रंथांतून शिकवले गेले. २०१९ मध्ये लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी अनुनादाचा प्रयोग पुन्हा केला आणि त्यांना निराळे उत्तर मिळाले. मोजणीसाठी सोडलेल्या लहरींनीच नमुना क्षणभर तापत होता आणि अतिसंवाहकता मोडत होती! विशेष हे की, मूळ प्रयोग करणाऱ्या जपानी गटाने स्वतः तो पुन्हा तपासला आणि जुने अनुमान टिकत नसल्याचे प्रसिद्ध केले.

मग म्युऑनची साक्ष? ती उभी आहे, पण तीही उलटतपासणीतून सुटलेली नाही. म्युऑन स्वतः धन भाराचा आगंतुक आहे. तो ज्या जागी बसतो तिथले अणू थोडेफार सरकवतो. मग त्याने जे सांगितले ते पदार्थाचे की त्याच्या स्वतःच्या उपस्थितीचे, ही शंका रास्तच आहे. जनगणनेच्या कारकुनाने विचारलेला प्रश्नच पुष्कळदा उत्तराला आकार देतो, हे वसाहतकाळाचा अभ्यास करणाऱ्यांना ठाऊक आहे. दप्तर खोटे असते असे नव्हे, पण दप्तर कुणी व कसे ठेवले हे पाहून ते वाचावे लागते. इथेही तेच. म्युऑन नेमका कुठे बसला, त्याने किती बिघडवले, याची गणिते आता स्वतंत्रपणे करतात. २०२१ मध्ये त्याच रुथेनेटला एका दिशेने दाबून पुन्हा म्युऑन सोडले गेले आणि अतिसंवाहकता व ते क्षीण क्षेत्र निरनिराळ्या तापमानांना सुरू होतात असे दिसले. मात्र उष्णतेच्या मोजणीत तो दुसरा बदल सापडत नाही. म्हणजे पंचवीसहून अधिक वर्षांनंतरही निकाल राखून ठेवला आहे. आमच्या मुलांच्या प्रश्नपत्रिकेत मात्र ‘योग्य पर्याय निवडा’ एवढेच असते. निकाल राखून ठेवण्याचे धैर्य त्यांना कुणी शिकवायचे?

आता ‘पुढे काय होणार’. लिथियम बॅटरीत आयन कसे सरकतात हे म्युऑनने पाहतात. ऋण म्युऑन वापरून जुनी नाणी न खरवडता त्यांच्या आत कोणता धातू किती आहे हे सांगता येते. याचा तर मला हेवा वाटतो. पण अशा उपयोगांची यादी देऊन मी त्या वडिलांची समजूत काढणार नाही, कारण त्यांच्या मुलीच्या पुडीतून बॅटरी निघणार नाही. कदाचित काहीच निघणार नाही. त्रिकोणांच्या जाळ्यातील चुंबकत्व गोठते की नाही, एवढेच जगाला कळेल. आपल्या समाजाने आजवर ज्या विद्या मिळवल्या त्या बहुतेक पोटासाठी मिळवल्या आणि त्यात कमीपणा काहीही नाही. परंतु निव्वळ जाणून घेण्यासाठी जाणण्याचा हक्क आमच्यापासून हजारो वर्षे हिरावला गेला, तो हक्क परत मिळाल्यावर ‘त्याचा उपयोग काय’ म्हणून आपणच तो परत करायचा काय?

इथे कोलार आठवते. कर्नाटकातील त्या सोन्याच्या खाणीत, पृथ्वीच्या पोटात निरनिराळ्या खोलीवर किती म्युऑन पोहोचतात हे टाटा संस्थेच्या तरुण संशोधकांनी १९५० च्या दशकात मोजले आणि १९६५ मध्ये सव्वादोन किलोमीटरहून अधिक खोलीवर वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोचा माग लावला. तिथे म्युऑनला टाळण्यासाठीच खोल जायचे होते. ती विवरे खणणाऱ्या मजुरांत बहुसंख्य तमिळ दलित होते, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी पंडित अयोथीदास यांच्या प्रेरणेने त्याच वस्तीत शाक्य बौद्ध संघाची शाखा चालत होती, बाबासाहेबांच्या दीक्षेच्या जवळजवळ अर्धे शतक आधी. विज्ञानाच्या इतिहासात खोली नोंदवली जाते, खणणारा नोंदवला जात नाही. त्यांची नातवंडे आता यंत्रापाशी बसायला लागली आहेत, एवढा फरक पडला आहे आणि तो लहान नाही.

चुंबकत्वाच्या अभ्यासासाठी लागणारा म्युऑनचा झोत भारतात नाही. वर्षानुवर्षे हे काम चालले ते इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशेजारी, स्वित्झर्लंडच्या फिलिगेनमध्ये, कॅनडातील व्हँकुव्हरला आणि जपानच्या तोकाईला. अर्ज करायचा, तज्ज्ञ समिती तो तपासते, मागणी उपलब्ध दिवसांपेक्षा जास्त असते. मंजूर झाले तर तीन-चार दिवस मिळतात. झोपायचे नाही, कारण झोत रात्रीही चालू असतो. आपल्या विद्यार्थिनीला असे तीन दिवस मिळाले.

आणि त्याच वर्षी तिची फेलोशिप सात महिने आली नाही. कोणत्या कार्यालयात कागद अडला हे सांगण्याची ही जागा नव्हे. वसतिगृहाची खानावळ थकली, तिने संध्याकाळी शिकवण्या घेतल्या, विमानाच्या तिकिटापुरते पैसे मार्गदर्शकांनी आपल्या खिशातून उसने दिले. वडिलांना तिने यातले काही सांगितले नव्हते. त्यांना ते शेजारच्या मुलाकडून कळले. त्यांच्या प्रश्नाच्या मागे खरे हेच होते, हे मला फार उशिरा उमगले. फेलोशिप पुढे एकरकमी जमा झाली. पण मधल्या सात महिन्यांत संशोधन सोडून देणारी मुले आपण पाहिली आहेत. ती अपयशी ठरली असे आपण म्हणतो. त्यांची फक्त उधारी संपलेली असते.

म्हणून माजी विद्यार्थी संघाला माझी एक स्पष्ट सूचना आहे. या वर्षी महोत्सवाच्या निमित्ताने प्रवेशद्वाराची कमान बांधायला वर्गणी गोळा होत आहे. कमानीला माझा विरोध नाही, मीही पावती फाडली आहे. परंतु तिच्या जोडीला पाच लाख रुपयांचा एक फिरता निधी उभारावा. शाळेच्या ज्या माजी विद्यार्थ्याची मंजूर झालेली फेलोशिप अडली असेल त्याला मंजुरीपत्र पाहून, बिनव्याजी, सहा-आठ महिन्यांपुरती रक्कम द्यावी आणि थकबाकी जमा झाली की परत घ्यावी. हे दान नाही, त्यामुळे कुणाचा मान जाणार नाही. विषय कोणता, उपयोग काय, हे समितीने विचारू नये. ते तपासणारे तज्ज्ञ दुसरीकडे बसलेले आहेत. संघाच्या बैठकीत यावर आक्षेप येतील, ते जरूर यावेत; फक्त बैठकीला कोरम असावा.

हा लेख पूर्ण केल्यावर मी त्या भाऊंना फोन केला आणि जमेल तसे समजावले. म्हटले, तुम्ही चालू इंजिनला स्क्रू ड्रायव्हरचे टोक लावून मूठ कानाशी धरता आणि कोणते बेअरिंग गेले ते सांगता ना, तसे काहीसे हे आहे. म्युऑन आत बसून ऐकतो आणि मोडताना सांगून जातो. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पण सर, ड्रायव्हर जास्त दाबला तर आवाज त्याचाच येतो. ह्यांचं तसं होत नाही का?”

मी म्हटले, हे लेकीलाच विचारा. रात्री साडेदहाला तिचा मला संदेश आला, की बाबांशी दीड तास बोलणे चालले होते आणि अजून त्यांचे समाधान झालेले नाही.